पार्किन्सन्स: हात थरथरण्याच्या कितीतरी आधी

ओट्यावर बसलेल्या आबांचा मांडीवरचा हात आपोआप हलायला लागला, की खान्देशातल्या घरात कुणीतरी म्हणतं, 'कंपवात दिसतोय.' मग जळगावला किंवा धुळ्याला डॉक्टरांकडे फेरी, तिथून चिठ्ठी घेऊन नाशिक, नाहीतर थेट मुंबई. पार्किन्सन्स म्हणजे हाताचा कंप, हे समीकरण इतकं पक्कं आहे की हात हलत नसेल तर या आजाराची शंकाही कुणाला येत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय मासिकात शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी या आजाराची व्याख्याच नव्याने मांडली. त्यांच्या हिशेबात हात हलायला लागतो तेव्हा आजार सुरू होत नाही. तेव्हा तो कधी दहा, कधी वीस वर्षांचा जुना झालेला असतो.

दोनशे वर्षांत ही व्याख्या हातावरून मेंदूत, मेंदूतून आतड्यात आणि नाकात कशी सरकली, ती गोष्ट फार रंजक आहे. तिच्यात मुंबईचे एक डॉक्टर आहेत, स्वीडनचे ससे आहेत आणि आपल्या सातपुड्याच्या रानातली खाजकुयलीही आहे.

सहापैकी तीन पेशंट रस्त्यावरचे

लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ६६ पानांचं एक लहानसं पुस्तक काढलं. त्यात एकूण सहा पेशंट. त्यांतले तिघं दवाखान्यात कधी आलेच नव्हते. दोघांना पार्किन्सननी रस्त्यात थांबवून विचारपूस केली आणि एकाला तर लांबून चालताना पाहिलं, तेवढंच. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. केवळ डोळ्यांनी टिपलेल्या चालीवरून त्यांनी आजाराचं जे चित्र उभं केलं, ते पुढे शंभर वर्षं पुरलं.

हा माणूस मोठा अवलिया होता. सरकारवर सडकून टीका करणारी पत्रकं तो टोपणनावाने लिहायचा. १७९४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जला विषारी बाण मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत त्याची साक्ष झाली. जीवाश्मांचा त्याला भारी नाद. एका प्राचीन शंखासारख्या प्राण्याला 'पार्किन्सोनिया' हे नाव त्याच्यावरूनच मिळालं. इंटरनेटवर त्याचा म्हणून दाढीवाल्या गृहस्थाचा फोटो फिरतो, तो मात्र त्याचा नव्हे. पार्किन्सन १८२४ मध्ये वारला, तेव्हा माणसांचे फोटो काढायची कलाच जन्मली नव्हती. त्याची जन्मतारीख ११ एप्रिल. त्याच दिवशी जगभर पार्किन्सन्स दिन पाळतात आणि त्याचं चिन्ह असतं लाल ट्युलिप. ते फूल तयार करणाऱ्या डच बागाईतदाराला स्वतःला हाच आजार होता.

पुस्तकात पार्किन्सननी एक ठाम विधान केलं होतं: या आजारात बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात. इथे त्यांची नजर चुकली. ज्ञानेंद्रियांपैकी नाक हे सगळ्यांत आधी दगा देतं, हे कळायला पुढची दीडशेहून जास्त वर्षं जावी लागली.

पॅरिसची थरथरती खुर्ची

आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं ते फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्टिन शार्को यांनी, आणि त्यांनीच बजावलं की कंप नसलेलाही पार्किन्सन्स असतो. अंगाचा ताठरपणा आणि हालचालींची मंदगती त्यांनी कंपापासून वेगळी काढली. त्यांच्या पेशंटांचं म्हणणं असं की घोडागाडीच्या किंवा रेल्वेच्या लांब प्रवासानंतर काही काळ बरं वाटतं. शार्कोंनी ते मनावर घेतलं आणि विजेवर थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली! भुसावळच्या गाड्यांमध्ये आयुष्य काढलेल्या जुन्या रेल्वेवाल्यांना ही कल्पना नक्की आवडेल. २०१२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी तिची रीतसर परीक्षा घेतली. थरथरत्या खुर्चीत बसलेल्यांना बरं वाटलं आणि तशाच, पण न थरथरणाऱ्या खुर्चीत बसलेल्यांनाही बरं वाटलं. निवांत आरामखुर्चीचाच तो गुण असावा.

शार्कोंचं म्हणणं आजही खरं ठरतं. आजार ओळखला जातो तेव्हा साधारण दहातल्या तिघांना कंप नसतोच. डॉक्टरांच्या आजच्या नियमात मंदगती अत्यावश्यक आहे, तिच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा यांपैकी एक चालतो. म्हणजे कंप नसेल तरी निदान होतं, मंदगती नसेल तर होत नाही.

चहाचा कप काय सांगतो?

उलटही तितकंच खरं. प्रत्येक थरथर पार्किन्सन्सची नसते. कप उचलताना, बशीत चहा ओतताना, सही करताना हात हलतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, तर तो बहुतेक वेळा 'इसेन्शियल ट्रेमर' नावाचा वेगळा आजार असतो. पुष्कळदा तो वडील, आत्या, काका असा घराण्यात चालत येतो. पार्किन्सन्सचा कंप बरोबर याच्या विरुद्ध वागतो. हात रिकामा, निवांत पडलेला असताना तो सुरू होतो आणि कप उचलायला हात पुढे केला की कमी होतो. शिवाय तो बहुधा एकाच बाजूने सुरुवात करतो. एवढं एक निरीक्षण घरच्यांनी डॉक्टरांना नीट सांगितलं, तरी अर्धं काम सोपं होतं.

मुंबईची सर्पगंधा, स्वीडनचे ससे

आता व्याख्येची दुसरी पायरी. १९१९ मध्ये कॉन्स्टँटिन ट्रेट्याकॉफ या तरुण डॉक्टरने पॅरिसमध्ये दाखवून दिलं की पार्किन्सन्सच्या पेशंटांच्या मेंदूतला एक काळसर पट्टा फिका पडलेला असतो. 'सबस्टॅन्शिया नायग्रा' हे त्या पट्ट्याचं नाव. पण तिथल्या पेशी मेल्याने नेमकं काय कमी पडतं, ते कळायला आणखी चाळीस वर्षं गेली, आणि त्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते.

परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात पेशंटांच्या नोंदींसह मांडलं. आपल्याकडे वैद्यांच्या बटव्यात शतकानुशतकं असलेली ही मुळी तेव्हा जगभर गाजली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनचा डोस वाढला की मात्र काही पेशंट मंद आणि ताठर व्हायचे, अगदी पार्किन्सन्स झाल्यासारखे.

स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबकळले. मग त्यांना लेवोडोपा टोचलं, तर काही मिनिटांत तेच ससे उठून हिंडायला लागले! रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन हे रसायन रिकामं केलं होतं आणि लेवोडोपाने ते पुन्हा भरलं; काळसर पट्ट्यातल्या पेशी मेल्यावर कमी पडतं ते हेच. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्निकीविच यांनी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना लेवोडोपाचं इंजेक्शन दिलं आणि ती माणसं उठून चालली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, मोठ्या डोसमध्ये ते देऊन दाखवलं. आजही पार्किन्सन्सवर लेवोडोपाइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. मुंबईत गाजलेली ती मुळी नसती तर ससे निपचित पडले नसते, आणि हा शोध कदाचित कितीतरी वर्षं मागे पडला असता. केईएमच्या त्या कामाची ही बाजू आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी, असं मला फार वाटतं.

खाजकुयलीची गोष्ट याहून जुनी. सातपुड्याच्या पायथ्याशी गुरं राखलेल्या कुणालाही तिच्या शेंगेवरची सोनेरी लव माहीत असते; अंगाला लागली की दिवसभर खाज. तिच्याच बियांतून १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेवोडोपा वेगळं काढलं होतं. पार्किन्सन्सशी त्याचा संबंध तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, पण आयुर्वेदाने कवचबीज, म्हणजे याच बिया, कंपवातावर आधीच वापरात आणलेल्या होत्या. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ पेशंटांवर झालेल्या चाचणीत या बियांच्या ३० ग्रॅम पुडीचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला.

म्हणून कुणी रानातून शेंगा आणून कुटायला बसू नये. बियांत लेवोडोपाचं प्रमाण झाडागणिक बदलतं आणि गोळी चालू असताना वरून ही पूड घेतली तर डोस दुप्पट होऊन बसतो. भास होणं, रक्तदाब एकदम खाली जाणं, हे सगळं त्यातून होतं. घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखालीच.

भरिताचा वास न येणारी माणसं

तिसरी पायरी प्रथिनाची. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांना पेशंटांच्या मेंदूपेशींत गोल गाठी दिसल्या होत्या. त्या कशाच्या, ते कळलं १९९७ मध्ये: अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या, चुकीच्या घड्या पडलेल्या प्रथिनाच्या. मग २००३ मध्ये जर्मनीचे हाइको ब्राक यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून मांडलं की हे प्रथिन काळसर पट्ट्यात फार उशिरा पोचतं. त्याआधी ते वास ओळखणाऱ्या भागात आणि पोटाच्या नसेचं ज्या ठिकाणी मूळ असतं, त्या मेंदूच्या देठाच्या तळाशी दिसतं.

इथून सगळं चित्रच पालटलं. कारण मग जुन्या, किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींना अर्थ आला.

वास घ्या. पार्किन्सन्सच्या बहुतेक पेशंटांची वास घेण्याची शक्ती कमी झालेली असते, पुष्कळांची तर हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी. खान्देशात हे लक्षात यायला हवं, कारण आपल्याकडे वासाची परीक्षा रोज होते. कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजली जातायत, सगळ्या आळीला दरवळ सुटलाय, आणि घरातले जिभाऊ विचारतात, 'आज काय करताय?' तेव्हा कुणीतरी विचारावं, 'जिभाऊ, तुमले वास येत नही का?' सर्दी, धूळ, तंबाखू, करोना, नुसतं वय, कशानेही वास जाऊ शकतो. म्हणून वास गेला म्हणजे पार्किन्सन्स असं मुळीच नाही. पण इतर खुणांच्या जोडीला वास गेला असेल, तर तो डॉक्टरांना सांगण्याजोगा मुद्दा आहे.

उलट्या बाजूने, दुसऱ्याच्या अंगाला येणारा पार्किन्सन्सचा वास ओळखणारी बाईही आहे. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या नर्स. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना त्याच्या निदानाच्या सुमारे बारा वर्षं आधी जाणवलं होतं. एडिनबर्गच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासमोर बारा टी-शर्ट ठेवले: सहा पेशंटांचे, सहा निरोगी माणसांचे. त्यांनी सात जणांना आजार असल्याचं सांगितलं. एक चुकलं, असं सगळ्यांना वाटलं. काही महिन्यांनी त्या सातव्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं! आता त्वचेवरच्या तेलकट स्रावातून तो वास रसायनांत पकडायचं काम मँचेस्टरमध्ये चालू आहे.

बद्धकोष्ठता ही दुसरी खूण. हवाईत ६,७९० पुरुषांना २४ वर्षं पाहिलं गेलं. रोज एकदाही पोट साफ न होणाऱ्यांना पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण, रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट निघालं. जेम्स पार्किन्सननीही आपल्या पेशंटांची आतडी सुस्त असल्याचं नोंदलं होतं. ते तिथेच राहिलं आणि दोनशे वर्षं सगळे हाताकडेच बघत बसले. काही शास्त्रज्ञ तर म्हणतात की पार्किन्सन्स दोन प्रकारचा असावा, एक आतड्यातून मेंदूकडे चढणारा आणि दुसरा मेंदूतून खाली उतरणारा. डेन्मार्कमध्ये पूर्वी अल्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्यांची पोटाची नस पूर्ण तोडली होती, त्यांच्यात हा आजार कमी आढळला. त्यातून पहिल्या प्रकाराला बळ मिळालं.

तिसरी खूण झोपेची, आणि हिच्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं. स्वप्न पाहताना माणसाचं अंग निसर्गतः लुळं पडतं, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी खाटेवरच असतो. काहींच्यात हे कुलूप निघून जातं. ते झोपेत ओरडतात, लाथा मारतात, शेजारी झोपलेल्या बाईला गुद्दे बसतात, आणि उठल्यावर त्यांना पत्ता नसतो. घरात म्हणतात, 'बाहेरची बाधा झाली' किंवा 'दिवसभराचा राग निघतोय.' २०१९ मध्ये जगभरातल्या अशा १,२८० पेशंटांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. बारा वर्षांत त्यांच्यापैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे चैत्र-वैशाखात निम्मं गाव गच्चीवर झोपतं. ज्यांना असा त्रास आहे त्यांना कठड्यापासून लांब आणि जमिनीवर झोपवावं. डॉक्टरांना दाखवायचंच आहे, पण हे आज रात्रीपासून करायचं.

आणखी किती खुणा! एका बाजूचा खांदा आखडतो, महिनोन्महिने मालिश आणि शेक चालू राहतो. चालताना एकच हात झुलत नाही. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळत नाही म्हणून कागद परत येतो. आवाज खाली जातो. चेहऱ्यावरची हालचाल थंडावते आणि सूनबाईंना वाटतं, मामंजी आपल्यावर रागावलेत. किती घरांत या एका गैरसमजाने अबोला धरला गेला असेल!

नवी व्याख्या: एस, एन, जी

आता २०२४ कडे येऊ. एका गटाने तीन अक्षरांची पद्धत सुचवली. एस म्हणजे सिन्यूक्लिन शरीरात सापडतं का, एन म्हणजे मेंदूपेशींची झीज दिसते का, जी म्हणजे जनुकांत दोष आहे का. दुसऱ्या गटाने तर 'पार्किन्सन्स' हे नावच बाजूला ठेवून 'न्यूरॉनल अल्फा-सिन्यूक्लिन डिसीज' असं नाव सुचवलं आणि त्याच्या शून्य ते सहा पायऱ्या आखल्या. पहिल्या पायरीवरचा माणूस पूर्ण धडधाकट असतो. हात, पाय, नाक, झोप सगळं ठीक, फक्त तपासणीत प्रथिन सापडलेलं.

ही तपासणी चालते विरजणासारखी. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात बिघडलेल्या सिन्यूक्लिनचा कणभर अंश असला तरी तो बाहेरून घातलेल्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं बिघडवतो, आणि यंत्राला ते दिसतं. २०२३ मध्ये १,१२३ जणांवर झालेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के पेशंटांत ती होकारार्थी आली. कातडीचा तुकडा काढून करायची एक चाचणीही आहे. २०२४ मध्ये तिने पार्किन्सन्सच्या जवळपास ९३ टक्के पेशंटांत प्रथिन दाखवलं.

ऐकून हुरूप येतो. यायलाच हवा, कारण आजार रोखणारं औषध शोधायचं तर मेंदूपेशी मरायच्या आधीचे लोक हाताशी हवेत. आजवरच्या अशा कितीतरी चाचण्या फसल्या. त्यामागचं एक मोठं कारण हेच मानलं जातं, की औषध दिलं तेव्हा पेशी वाचवायची वेळ निघून गेली होती.

पण या व्याख्येला खिंडारंही आहेत. एलआरआरके-२ या जनुकाचा दोष असलेल्या पेशंटांत ही विरजणाची चाचणी फक्त ६७.५ टक्क्यांत होकारार्थी आली. मग उरलेल्यांना काय म्हणायचं? हात थरथरतो, चाल मंदावली, लेवोडोपाने बरं वाटतं, तरी पार्किन्सन्स नाही? दुसरीकडे, साठीपुढच्या साधारण दहातल्या एका माणसाच्या मेंदूत मृत्यूनंतर लेवीच्या गाठी सापडतात, आणि त्याने आयुष्यभर केळीचे घड खांद्यावर वाहिलेले असतात, कसलीच तक्रार न करता. त्याला जिवंतपणी 'तुला आजार आहे' असं सांगितलं असतं तर त्याच्या कोणत्या उपयोगाचं होतं?

माझं मत स्पष्ट आहे. प्रयोगशाळेसाठी ही व्याख्या हवीच. पण रोखणारी गोळी हातात येईपर्यंत जळगावच्या किंवा धुळ्याच्या ओपीडीत धडधाकट माणसाच्या पाठीत सुई घालून त्याला या नावाचं लेबल लावू नये. मुलीचं लग्न, विमा, ट्रक चालवायचा परवाना, सगळ्यावर त्या एका शब्दाची सावली पडेल. खुद्द दोन्ही गटांनीही ही पद्धत सध्या संशोधनापुरतीच आहे असं लिहिलंय, आणि ते वाक्य प्रत्येक बातमीत ठळक छापलं जावं.

अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल

व्याख्येच्या एवढ्या चर्चेत एक अगदी साधी, हातातली गोष्ट मागे पडते. काही औषधांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखी अवस्था होते. अ‍ॅसिडिटी आणि गॅसवरच्या काही कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड असतं, उलटीवर मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येण्यावर सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन. ही औषधं थोडे दिवस घेतली तर बहुधा काही होत नाही. पण आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच कॅप्सूल महिनोन्महिने, वर्षानुवर्षं घेणारी वयस्कर माणसं कमी नाहीत. चाल मंदावते, तोंडातून लाळ गळते, हात हलतो. औषध थांबवलं की बहुतेकांना काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत उतार पडतो. मनाने काही बंद करू नये, पण घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

मुंबईच्या पारशी कॉलन्यांत

भारतातली या आजाराची एक अतिशय मोलाची पाहणी मुंबईत झाली. डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी कॉलन्यांत घरोघरी फिरून पेशंट मोजले. १९८८ मध्ये आकडा आला: लाखामागे सुमारे ३२८. देशात इतरत्र झालेल्या पाहण्यांपेक्षा तो कितीतरी जास्त. समाजात वयस्कर माणसं जास्त, हे त्याचं एक कारण. सरासरी आयुष्य वाढत चाललेल्या आपल्या गावांनीही तो आकडा लक्षात ठेवावा असा आहे.

राहून गेलेलं अक्षर

एस, एन, जी. प्रथिन आलं, झीज आली, जनुक आलं. खान्देशातून बघताना एक अक्षर राहून गेल्यासारखं वाटतं: माणसाने आयुष्यभर कशात श्वास घेतला, त्याचं.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं एकाएकी पुतळ्यासारखी गोठली. भेसळीच्या नशेत तयार झालेल्या एमपीटीपी या रसायनाने त्यांच्या मेंदूतला तो काळसर पट्टा जाळला होता. त्या रसायनापासून शरीरात जे विष बनतं, ते एकेकाळी 'सायपरक्वाट' नावाने तणनाशक म्हणूनच आजमावलं गेलं होतं. त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाच्या जवळची आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीडनाशक वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. फ्रान्सने २०१२ मध्ये कीडनाशकांशी काम करणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला भरपाई मागता येते. युरोपीय संघाने २००७ मध्ये पॅराक्वाट बंद केलं. भारतात ते विकलं जातं.

चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कपाशी, रावेर-यावलला केळी. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणारा मजूर इथल्या कुठल्याही शिवारात दिसतो. आजार ठरवताना त्याच्या रक्तातली जनुकं विचारात घ्यायची आणि त्याच्या पाठीवरचा पंप घ्यायचा नाही, हे मला पटत नाही. ओपीडीच्या केसपेपरवर 'फवारणी किती वर्षं केली, कोणती औषधं' एवढी एक ओळ वाढवायला ना यंत्र लागतं, ना परदेशी किट. जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ही ओळ तिथून सुरू झाली तर दहा वर्षांत खान्देशाची स्वतःची नोंद तयार होईल.

सपाट जमीन अवघड, जिना सोपा

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरचे काका पार्किन्सन्सचे पेशंट. सपाट जमिनीवर पाय अडखळायचा, पण जिना मात्र ते सहज उतरायचे. मिलेहाने हे पाहिलं आणि जमिनीवर जिन्याचं चित्रच चिकटवलं. काका त्यावरून सरसर चालत गेले! २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी असाच एक माणूस दाखवला होता: दोन पावलं नीट टाकता येत नाहीत, पण सायकलवर बसवला की थेट रस्त्याला लागतो. बाहेरून खूण किंवा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. घरात फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, 'एक-दोन-एक-दोन' म्हटलं, तरी अडकलेलं पाऊल सुटतं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटांना नाच शिकवतात तो याच आधारावर. तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स सोसायटी पेशंटांना एकत्र आणतात, व्यायाम आणि माहिती देतात. जळगावात असं मंडळ उभं करायला एक हॉल, एक फिजिओथेरपिस्ट आणि आठवड्याचा एक दिवस पुरेल.

डॉक्टरांकडे जाताना

मोबाइलवर आबांच्या चालण्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्यात वळताना किती पावलं लागतात ते दिसू द्या. ज्या खोलीत ते झोपतात त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या, कारण झोपेची हकीकत आबांना स्वतःला ठाऊक नसते. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची सही एका कागदावर न्या. आणि लेवोडोपा सुरू झालंच, तर ते वरण, उसळ, दूध, अंडं यांच्याबरोबर घेऊ नका. प्रथिनं आतड्यात त्याच्या वाटेत आडवी येतात. बहुतेकांना जेवणाआधी अर्धा ते एक तास ही वेळ मानवते. मळमळ झाली तर सोबत एखादं बिस्किट चालतं. आणि गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नाही, लग्नाच्या गडबडीतसुद्धा नाही.